कोरड्या नदीतील चिवट रहिवासी

किरणोत्सर्गाला दाद न देणारे जिवाणू नदीच्या गाळातून कसे शोधतात आणि त्यांना नाव कसे मिळते?

जळगाव / धुळे : खान्देशातील उन्हाळा समजून घ्यायचा असेल, तर मे महिन्यात नदीच्या पात्रात उतरावे. बांभोरीच्या पुलाखाली गिरणेचे रुंद पात्र पांढरेफटक पडलेले असते. धुळे शहरात पांझरेच्या पात्रात चार डबकी आणि बाकी वाळू, गोटे व भेगाळलेला गाळ दिसतो. हवेचा पारा ४५ अंशांच्या आसपास रेंगाळत असतो आणि उघड्या वाळूचे तापमान त्याहून बरेच वर गेलेले असते. पावसाळ्यात हेच पात्र दुथडी भरून वाहते आणि पुन्हा सात-आठ महिने उन्हात भाजत पडते. अशा गाळात काही जिवंत राहत असेल, असे पाहणाऱ्याला वाटत नाही.

सूक्ष्मजीवशास्त्राचे उत्तर मात्र वेगळे आहे. चिमूटभर कोरड्या मातीतही लक्षावधी जिवाणू असतात. त्यांतील काही जिवाणू माणसाला हजार वेळा मारू शकेल एवढा किरणोत्सर्गही पचवितात. अणुभट्टी किंवा अणुबॉम्बशी काहीही संबंध न आलेल्या जिवाला ही शक्ती कशासाठी लागली, हा प्रश्न शास्त्रज्ञांना अनेक वर्षे छळत होता. त्याचे जे उत्तर मिळाले, त्यामुळे खान्देशासारख्या कोरड्या प्रदेशातील नद्यांचा गाळ संशोधनाच्या दृष्टीने महत्त्वाचा ठरतो. असा जिवाणू सापडणे ही त्या शोधाची केवळ सुरुवात असते. तो कोण, कोणाचा नातलग आणि खरोखर नवा आहे काय, हे सिद्ध करण्याचे काम त्याहून अवघड आहे.

डब्यातील मांस आणि लाल वसाहती

या कथेची सुरुवात १९५६ मध्ये अमेरिकेतील ओरेगन राज्यात झाली. डबाबंद मांस गॅमा किरणांनी निर्जंतुक करता येईल काय, याचे प्रयोग कॉर्व्हॅलिस येथील कृषी संशोधन केंद्रात सुरू होते. सर्व ज्ञात जिवाणू मरतील एवढी मात्रा दिल्यानंतरही मांसाचा एक डबा नासला. आर्थर अँडरसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यातून लालसर वसाहती करणारा एक गोल जिवाणू वेगळा केला. त्याला 'मायक्रोकॉकस रेडिओड्युरान्स' असे नाव देण्यात आले. रेडिओड्युरान्स म्हणजे किरणोत्सर्ग सहन करणारा.

त्याची सहनशक्ती किती, हे आकड्यांवरून कळते. शरीराने शोषलेल्या किरणोत्सर्गाची मात्रा 'ग्रे' या एककात मोजतात. छातीच्या एका क्ष-किरण तपासणीत मिळणारी मात्रा साधारणपणे एका ग्रेच्या दहा हजाराव्या भागाइतकी असते. संपूर्ण शरीराला एकाच वेळी ४ ते ५ ग्रे मात्रा मिळाली आणि उपचार झाले नाहीत, तर निम्मी माणसे दगावतात. आपल्या आतड्यात राहणारा ई. कोलाय हा जिवाणू काही शे ग्रेमध्ये संपतो. रेडिओड्युरान्स मात्र ५ हजार ग्रे मात्रेनंतरही जवळजवळ संपूर्ण संख्येने जिवंत राहतो आणि त्याच्या दुप्पट-तिप्पट मात्रेतही त्यातील काही तग धरतात.

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. किरणोत्सर्गाला प्रतिकार करणारा जिवाणू स्वतः किरणोत्सर्गी नसतो. तो किरणे बाहेर टाकत नाही, तसेच ज्या जागी तो सापडला तेथे किरणोत्सर्ग आहे, असाही त्याचा अर्थ होत नाही. औषधांना दाद न देणाऱ्या रोगजंतूंशीही त्याची गल्लत करू नये. रेडिओड्युरान्स माणसाला रोग देत नाही.

दुष्काळाने शिकविलेली विद्या

पृथ्वीवर निसर्गतः मिळणारा किरणोत्सर्ग अत्यल्प आहे. जगाची सरासरी घेतली, तर वर्षाला एका ग्रेच्या हजाराव्या भागाच्या दोन-तीन पट एवढाच. या वेगाने ५ हजार ग्रे जमा व्हायला सुमारे २० लाख वर्षे लागतील. मग ज्या संकटाशी कधी गाठच पडली नाही, त्यावरचा उपाय या जिवाणूने कोठून मिळविला?

१९९६ मध्ये अमेरिकेतील लुइझियाना राज्य विद्यापीठाच्या व्हॅलरी मॅटिमोर आणि जॉन बॅटिस्टा यांनी या कोड्याचे पटणारे उत्तर दिले. त्यांनी रेडिओड्युरान्सचे असे वाण घेतले, की ज्यांची किरणोत्सर्ग सोसण्याची क्षमता नष्ट झाली होती. हे वाण वाळविले असता तेही तग धरू शकले नाहीत. याचा अर्थ, दोन्ही संकटांवरचा इलाज एकच होता. पेशीतील पाणी आटले की तिच्या डीएनएचे तुकडे पडतात आणि गॅमा किरणांनीही तेच होते. कोट्यवधी वर्षे कोरडेपणाशी झुंजताना या जिवाणूने तुटलेला डीएनए जोडण्याची विद्या आत्मसात केली. किरणोत्सर्गात ती आयतीच कामी आली. थोडक्यात, किरणोत्सर्गाचा प्रतिकार ही दुष्काळाची देणगी आहे.

या विचाराला पुढे मातीनेच पुष्टी दिली. फ्रेड रेनी आणि सहकाऱ्यांनी सोनोरा वाळवंटातील कोरडी माती आणि लुइझियानाच्या जंगलातील ओलसर माती यांच्यावर गॅमा किरणांचा मारा करून पाहिला. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांनुसार, जंगलातील मातीतून १३ हजार ग्रेच्या पुढे एकही जिवाणू मिळाला नाही. वाळवंटी मातीतून मात्र ३० हजार ग्रे मात्रेनंतरही जिवंत जिवाणू हाती आले. मातीच्या एकाच नमुन्यातून रेडिओड्युरान्सच्या वंशातील नऊ नव्या प्रजाती सापडल्या.

हा जिवाणू तुटलेला डीएनए जोडतो कसा, याचाही बराच उलगडा झाला आहे. त्याच्या प्रत्येक पेशीत जनुकसंचाच्या एकापेक्षा अधिक प्रती असतात. मोठ्या मात्रेनंतर या प्रतींचे शेकडो तुकडे होतात. परंतु एका प्रतीतील तुकडा दुसऱ्या प्रतीतील तुकड्याशी जुळवून पाहत काही तासांत अखंड गुणसूत्रे पुन्हा उभी केली जातात. मिरोस्लाव्ह रॅडमन यांच्या गटाने २००६ मध्ये ही जुळवाजुळव उलगडून दाखविली. त्याआधी २००४ मध्ये मायकेल डेली यांच्या गटाने दाखविले होते, की अशा जिवाणूंच्या पेशीत लोहाच्या तुलनेत मँगनीजचे प्रमाण अधिक असते. हे मँगनीज पेशीतील प्रथिनांचे रक्षण करते. दुरुस्ती करणारी प्रथिने शाबूत राहिली, तरच दुरुस्ती शक्य होते.

खान्देशच्या नद्या का?

मध्य प्रदेशातील मुलताई येथे उगम पावणारी तापी ७२४ किलोमीटरचा प्रवास करून सुरतजवळ अरबी समुद्राला मिळते. वाटेत ती जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतून वाहते. चांगदेवला तिला पूर्णा मिळते. त्यानंतर अजिंठ्याच्या लेण्यांजवळून येणारी वाघूर, नाशिक जिल्ह्यातून येणारी गिरणा, पारोळा-अमळनेरची बोरी आणि साक्री तालुक्यातून धुळेमार्गे येणारी पांझरा या नद्या दक्षिणेकडून येतात. पांझरेचा संगम शिंदखेडा तालुक्यातील मुडावद येथे होतो. उत्तरेकडून सातपुड्यातील अनेर आणि अरुणावती येऊन मिळतात.

म्हणजे तापीकाठचा मूठभर गाळ ही केवळ त्या ठिकाणची माती नसते. सातपुड्याचे उतार, सह्याद्रीच्या पूर्वेकडील डोंगर, काळ्या मातीची कपाशीची शेते, केळीच्या बागा आणि वाटेवरची गावे यांची धूळ त्यात एकत्र आलेली असते. त्यामुळे संशोधकाला गाळाचा एक नमुना घेऊन संपूर्ण खोऱ्यातील सूक्ष्मजीवांचा कानोसा घेता येतो.

दुसरे कारण ऋतुचक्राचे आहे. वाळवंटात कोरडेपणा कायमचा असतो. खान्देशातील उपनद्यांच्या पात्रांत मात्र पूर आणि कोरड यांची दरवर्षी आलटून पालटून परीक्षा होते. पावसाळ्यात ओलावा आणि अन्न मिळते, नंतर महिनोन्महिने पाणी आटत जाते आणि वरच्या थरावर सूर्याची अतिनील किरणे थेट पडतात. जो जिवाणू वाळून पुन्हा सावरू शकतो, तोच पुढच्या पावसापर्यंत टिकतो. वाळण्याचा प्रतिकार आणि किरणोत्सर्गाचा प्रतिकार यांचे नाते लक्षात घेतले, तर अशा गाळात चिवट जिवाणूंचा शोध घेणे तर्काला धरून आहे.

नदीच्या गाळातून असे जिवाणू मिळू शकतात, याचे उदाहरण दक्षिण कोरियात आहे. सोल शहरातून वाहणाऱ्या हान नदीच्या गाळातून मिळालेल्या, रेडिओड्युरान्सच्या वंशातील एका प्रजातीला २०१६ मध्ये 'डायनोकॉकस सोलेन्सिस' असे नाव मिळाले. भारतातही या वंशाची नोंद आहे. पश्चिम बंगालमधील आर्सेनिकयुक्त भूजलातून हैदराबादच्या सीसीएमबी या पेशी व रेणवीय जीवशास्त्र केंद्राच्या शास्त्रज्ञांनी वेगळी केलेली प्रजाती २००४ मध्ये 'डायनोकॉकस इंडिकस' या नावाने जगापुढे आली.

गाळातून बशीत

प्रत्यक्ष शोधाची पद्धत संयमाची परीक्षा पाहणारी आहे. पात्रातील ठरावीक ठिकाणी निर्जंतुक चमच्याने गाळ उचलून निर्जंतुक बाटलीत भरतात. ठिकाणाचे अक्षांश-रेखांश, खोली, तापमान आणि गाळाचा सामू यांची नोंद त्याच वेळी करावी लागते. नमुना थंड ठेवून प्रयोगशाळेत आणला जातो.

त्यानंतर चाळणी लावतात ती किरणांची. गाळाचे छोटे भाग करून त्यांना कोबाल्ट-६० च्या स्रोतातून निघणाऱ्या गॅमा किरणांची वाढती मात्रा दिली जाते. जेथे ही सोय नसते, तेथे अतिनील दिव्याखाली प्राथमिक चाचणी होते. परंतु अतिनील किरणे गाळात खोलवर शिरत नाहीत आणि त्यांनी होणारी इजाही वेगळ्या प्रकारची असते. त्यामुळे एकीला पुरून उरलेला जिवाणू दुसरीलाही पुरून उरेल, असे गृहीत धरता येत नाही.

वाचलेले जिवाणू पाण्यात विरल करून पोषक आगर पसरलेल्या बशीत पेरतात. येथे अन्न मुद्दाम कमी ठेवले जाते. भरपूर अन्न दिले, तर भराभर वाढणारे नेहमीचे जिवाणू बशी व्यापून टाकतात आणि सावकाश वाढणारे मागे पडतात. काही वसाहती दिसायला एक-दोन आठवडेही लागतात. लाल, नारिंगी, गुलाबी रंगाच्या वसाहतींकडे संशोधकाचे विशेष लक्ष असते, कारण या रंगद्रव्यांचा पेशीच्या संरक्षणाशी संबंध असू शकतो. मात्र रंग हा पुरावा नव्हे. प्रत्येक वसाहत पुन्हा पुन्हा नव्या बशीत पेरून शुद्ध करावी लागते आणि तिची किरणांची परीक्षा नव्याने घ्यावी लागते.

या चाळणीतून बॅसिलस गटातील जिवाणू हमखास वाचतात. ते प्रतिकूल काळात जाड कवचाची बीजुके तयार करून निद्रिस्त होतात. त्यांची युक्ती रेडिओड्युरान्सपेक्षा निराळी आहे. म्हणूनच नुसते 'वाचला' एवढे पाहून भागत नाही, तो कोण आहे हेही शोधावे लागते.

ओळख पटविण्याची परीक्षा

जिवाणूंचे वर्गीकरण दिसण्यावरून करता येत नाही. सूक्ष्मदर्शकाखाली हजारो प्रजाती सारख्याच गोल किंवा कांडीसारख्या दिसतात. रेडिओड्युरान्सच याचे उत्तम उदाहरण आहे. गोल आकारामुळे आणि रंगचाचणीतील निकालामुळे त्याला मायक्रोकॉकस वंशात बसविण्यात आले होते. त्याचा पेशीपडदा, त्यातील मेदाम्ले आणि जनुके तपासल्यावर ते नाते खोटे ठरले. १९८१ मध्ये त्याच्यासाठी 'डायनोकॉकस' हा स्वतंत्र वंश करण्यात आला. ग्रीक भाषेतील या नावाचा अर्थ 'विलक्षण किंवा भयंकर दाणा' असा होतो.

आज पहिली चाचणी एका जनुकाची असते. पेशीत प्रथिने तयार करणाऱ्या रायबोसोमचा एक घटक '१६-एस' या नावाने ओळखला जातो. त्याचे सुमारे १५०० अक्षरांचे जनुक प्रत्येक जिवाणूत असते आणि कालौघात ते अतिशय सावकाश बदलते. नव्या जिवाणूचे हे जनुक वाचून जगभरच्या नोंदींशी ताडून पाहतात. सर्वांत जवळच्या ज्ञात प्रजातीशी साम्य सुमारे ९८.७ टक्क्यांपेक्षा कमी असेल, तर तो नवा असण्याची दाट शक्यता असते. साम्य त्याहून अधिक असेल, तर केवळ या जनुकावर निर्णय देता येत नाही.

या चाचणीत एक गमतीचा योगायोगही आहे. जनुकाच्या लक्षावधी प्रती करण्यासाठी वापरले जाणारे विकर 'थर्मस ॲक्वाटिकस' या जिवाणूकडून मिळाले. अमेरिकेतील यलोस्टोन येथील उष्ण झऱ्यातून सापडलेला हा जिवाणू डायनोकॉकसच्याच महागटातला आहे. म्हणजे या कुळातील एकाची ओळख पटवायला दुसरा मदत करतो.

दुसरी चाचणी संपूर्ण जनुकसंचाची. नवा जिवाणू आणि त्याचा निकटचा नातलग यांच्या जनुकसंचांतील सरासरी साम्य ९५ ते ९६ टक्क्यांच्या खाली असेल, तर दोघे वेगळ्या प्रजातींचे मानले जातात. याशिवाय पेशीची रचना, तिच्यातील मेदाम्ले, वाढीला लागणारे तापमान, क्षारता, सामू, कोणती शर्करा पचते आणि कोणती नाही, अशा अनेक कसोट्या असतात. या सर्वांचा मेळ बसला, तरच नव्या प्रजातीचा दावा करता येतो. एखाद्या चाचणीने केलेला दावा आणि अनेक पुराव्यांनी सिद्ध केलेला दावा यांतील हा फरक वाचकाने बातम्या वाचतानाही लक्षात ठेवण्याजोगा आहे.

नाव, संग्रह आणि कायदा

नावाचेही आंतरराष्ट्रीय नियम आहेत. नाव दोन शब्दांचे असते. पहिला शब्द वंशाचा आणि दुसरा प्रजातीचा. दोन्ही शब्दांना लॅटिन रूप द्यावे लागते आणि त्यांची व्युत्पत्ती सांगावी लागते. जिवाणूंच्या जुन्या नावांचा गोंधळ निस्तरण्यासाठी १ जानेवारी १९८० पासून मान्य नावांची अधिकृत यादी आधारभूत धरण्यात येते. नवे नाव ठरावीक आंतरराष्ट्रीय नियतकालिकात प्रसिद्ध झाल्याशिवाय किंवा त्याच्या यादीत समाविष्ट झाल्याशिवाय ग्राह्य ठरत नाही.

सर्वांत महत्त्वाची अट जिवंत नमुन्याची आहे. ज्या वाणावरून प्रजातीचे वर्णन केले, तो वाण किमान दोन देशांतील दोन सार्वजनिक संग्रहांत ठेवावा लागतो. जगातील कोणत्याही संशोधकाला तो मागवून तपासणी करता आली पाहिजे, हा त्यामागील हेतू आहे. भारतात चंडीगडचा एमटीसीसी आणि पुण्यातील राष्ट्रीय सूक्ष्मजीव संसाधन केंद्र हे असे मोठे संग्रह आहेत. पुण्यातील संग्रह २००९ मध्ये राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात सुरू झाला आणि २०११ मध्ये त्याला आंतरराष्ट्रीय ठेव-संस्थेचा दर्जा मिळाला.

त्याचबरोबर देशाचा कायदाही पाळावा लागतो. जैविक विविधता कायदा, २००२ नुसार नव्याने शोधलेल्या प्रजातीची माहिती नियुक्त संग्रह-संस्थेला देणे आणि तिचा नमुना तेथे जमा करणे बंधनकारक आहे. गाळातील जिवाणू हीदेखील देशाची जैविक संपत्ती आहे, हे या कायद्याने मान्य केले आहे.

पुणे-हैदराबादचा आकाशातील शोध

ही सारी प्रक्रिया एकत्र पाहायची असेल, तर महाराष्ट्राशी जवळचा संबंध असलेला एक प्रयोग आठवावा लागेल. २० एप्रिल २००५ रोजी टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या हैदराबाद येथील केंद्रातून एक प्रचंड फुगा सोडण्यात आला. त्यासोबत ४५९ किलो वजनाची उपकरणे होती. द्रवरूप निऑनमध्ये बुडविलेल्या निर्जंतुक पोलादी नळ्यांनी २० ते ४१ किलोमीटर उंचीवरील हवेचे नमुने गोळा केले. 'इस्रो'च्या या प्रकल्पाचे प्रमुख संशोधक ज्येष्ठ खगोलशास्त्रज्ञ डॉ. जयंत नारळीकर होते. नमुन्यांची तपासणी सीसीएमबीत डॉ. एस. शिवाजी यांच्याकडे आणि पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात डॉ. योगेश शौचे यांच्याकडे स्वतंत्रपणे झाली.

एकूण १२ जिवाणूंच्या आणि ६ बुरशींच्या वसाहती मिळाल्या. त्यांतील तीन जिवाणू नवे असल्याचे २००९ मध्ये जाहीर झाले. खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉइल यांच्यावरून 'जॅनिबॅक्टर हॉइली', इस्रोवरून 'बॅसिलस इस्रोनेन्सिस' आणि आर्यभटांवरून 'बॅसिलस आर्यभट्टाय' अशी नावे देण्यात आली. आपल्या निकटच्या नातलगांपेक्षा अतिनील किरणांना अधिक तोंड देण्याची क्षमता तिघांतही आढळली. हे जिवाणू अंतराळातून आले, असे मात्र या प्रयोगाने सिद्ध केले नाही.

त्यानंतरची हकीकत वर्गीकरणाचा स्वभाव सांगणारी आहे. २०१६ मध्ये इस्रोनेन्सिस बॅसिलसमधून काढून 'सोलिबॅसिलस' वंशात हलविण्यात आला. आर्यभट्टायची तुलना 'बॅसिलस मेगाटेरियम' या १८८४ पासून ज्ञात असलेल्या प्रजातीशी करून, हे दोन्ही एकच असल्याचे मत काही संशोधकांनी २०१९ मध्ये मांडले. २०२० मध्ये बॅसिलस वंशाची मोठी फेररचना झाली आणि दोन्ही नावे 'प्रिस्टिया' या नव्या वंशाखाली गेली. शोध खोटा होता, असा याचा अर्थ नव्हे. वाण जपून ठेवलेला होता, म्हणूनच नव्या साधनांनी त्याची फेरतपासणी होऊ शकली.

खान्देशाच्या शेजारी बुलढाणा जिल्ह्यात लोणारचे खारे सरोवर आहे. तेथील जिवाणूंनीही अशी नावे मिळविली आहेत. सीसीएमबीच्या शास्त्रज्ञांनी २०१२ मध्ये वर्णन केलेल्या 'सेसेम्बिया लोणारेन्सिस' या प्रजातीच्या नावात त्यांची संस्था आणि लोणार दोन्ही गुंफले गेले आहेत.

उपयोग काय?

अशा जिवाणूंचा अभ्यास केवळ कुतूहलापोटी होत नाही. अणुप्रकल्पांतील सांडपाण्यात अल्प प्रमाणात युरेनियमसारखे धातू असतात. ते वेगळे काढायला सामान्य जिवाणू उपयोगी पडत नाहीत, कारण किरणोत्सर्गात ते स्वतःच मरतात. मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातील दीप्ती अप्पुकुट्टन, अमरा राव आणि श्री कुमार आपटे यांनी रेडिओड्युरान्समध्ये दुसऱ्या जिवाणूचे एक जनुक बसविले. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात त्या जिवाणूने विरल द्रावणातील ९० टक्क्यांहून अधिक युरेनियम सहा तासांत साक्याच्या रूपाने खाली बसविले.

दुसरा संबंध थेट अन्नाशी आहे. नाशिक जिल्ह्यातील लासलगाव येथे कांद्याला मोड येऊ नयेत म्हणून किरणोत्सर्गाचा वापर करणारे केंद्र २००२ मध्ये उभे राहिले आणि २००७ मध्ये तेथूनच प्रक्रिया केलेला आंबा अमेरिकेला रवाना झाला. कांद्याला शंभर ग्रेहूनही कमी आणि आंब्याला किमान ४०० ग्रे मात्रा पुरते. शस्त्रक्रियेची साधने निर्जंतुक करायला मात्र २५ हजार ग्रे मात्रा वापरतात. एवढी मोठी मात्रा का लागते, हे निसर्गातील चिवट जिवाणूंची ओळख झाल्यावर सहज समजते.

पात्र रिकामे होण्यापूर्वी

खान्देशात या विषयाला पोषक अशी पायाभूत व्यवस्था आहे. १९९० मध्ये जळगाव येथे स्थापन झालेले आणि २०१८ पासून कवयित्री बहिणाबाई चौधरी यांच्या नावाने ओळखले जाणारे उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ गिरणेपासून हाकेच्या अंतरावर आहे. जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतील महाविद्यालये त्याच्याशी संलग्न आहेत. नमुना गोळा करणे, विरल करणे, पेरणे आणि शुद्ध करणे ही कामे पदव्युत्तर विद्यार्थी साध्या प्रयोगशाळेत करू शकतात. गॅमा किरणांची आणि जनुकसंच वाचण्याची सोय मोठ्या संस्थांकडून मिळविता येते. चिकाटीने पाच-दहा वर्षे एकाच पात्राच्या नोंदी ठेवणे हे काम मात्र स्थानिक संशोधकाशिवाय होऊ शकत नाही.

अडचण आहे ती वेळेची. नदीपात्रांतून होणारा वाळूचा उपसा आणि शहरांचे सांडपाणी हे जळगाव-धुळ्याच्या वाचकांना नव्याने सांगायला नको. वाळू गेल्याने भूजल खालावते, पुलांचे पाये उघडे पडतात, याची चर्चा होते. वाळूबरोबर वर्षानुवर्षे घडत आलेले थरही जातात आणि सांडपाण्याने उरलेल्या गाळातील सूक्ष्मजीवांचे स्वरूप पालटते, याची चर्चा होत नाही. वाघ किंवा माळढोक कमी झाला तर ते मोजता येते. ज्याची कधी नोंदच झाली नाही, असा जीव नाहीसा झाला तर त्याची खबरही लागत नाही.

म्हणूनच गाळाचा जपून ठेवलेला एखादा नमुना आणि शीतपेटीतील एखादा शुद्ध वाण यांचे मोल मोठे आहे. आज ज्याला जुन्या प्रजातीत टाकले जाईल, तोच उद्याच्या साधनांनी नवा ठरू शकतो किंवा याच्या उलटही घडू शकते. दोन्ही वेळी निर्णय देण्यासाठी नमुना हाती असावा लागतो. मे महिन्यातील कोरड्या पांझरेत किंवा गिरणेत दिसणारी शांतता फसवी आहे. त्या भेगाळलेल्या गाळात पुढच्या पावसाची वाट पाहत थांबलेले असंख्य जीव आहेत आणि त्यांची मोजदाद करायची, तर पात्र शाबूत असतानाच करावी लागेल.